सुभेदारांची शिकवणी आणि बाबासाहेबांचे इंग्रजी

आपल्या निवासी विद्यालयाची ही स्मरणिका सिद्ध करताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील लेख तिच्यात असावा, याविषयी आमच्यात दुमत नव्हते. परंतु त्यांचे चरित्र ज्यांना ठाऊक नाही असा वाचक या पानांना क्वचितच लाभेल. चवदार तळे, पुणे करार, राज्यघटना, दीक्षाभूमी हे टप्पे आपल्या घरातील लहान मुलेही सांगतात. मग नवे काय लिहावे, असा विचार चालू असता उत्तर आम्हांस आमच्या इंग्रजीच्या तासालाच मिळाले.

जाफराबाद, मंठा, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांतील खेड्यांतून आमच्याकडे मुले येतात. कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कोणाचे वीटभट्टीवर असतात, कोणाचे जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात मजुरी करतात. ही मुले गणितात चमकतात, इतिहास तोंडपाठ म्हणतात. इंग्रजी वाक्य करावयास सांगितले की मात्र मान खाली घालतात. वडिलांविषयी सांग म्हटले तर 'माय फादर कम' असे म्हणून थांबतात. क्रियापदाला एक 'स' लावावयाचा राहिला, एवढीच चूक. पण त्या चुकीवर वर्गात हशा पिकतो आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. आम्ही कित्येक पालकांकडून ऐकले आहे की, इंग्रजी हे मोठ्या घरच्या मुलांचे काम. आपल्या पोरांच्या जिभेला ते वळण नाही.

या समजुतीला बाबासाहेबांच्या आयुष्याइतके खणखणीत उत्तर दुसरे नाही. ज्यांच्या इंग्रजीपुढे लंडनच्या परिषदा आणि दिल्लीची संविधान सभा लक्ष देऊन बसत असे, त्यांचे इंग्रजी उपजत नव्हते. ते एका निवृत्त सुभेदाराने, चाळीतल्या एका खोलीत, वाक्यामागून वाक्य करवून घेऊन घडविलेले होते. त्या घडणीची आणि पुढे त्या भाषेने केलेल्या कार्याची ही कथा आहे.

वडिलांची शाळा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीच्या गावी झाला. रामजी मालोजी सकपाळ व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. रामजी लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले होते. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी महार मुलाला चढू दिली जात नव्हती, त्या काळात पलटणीतील शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळत असे. ही एक फट होती, आणि त्या फटीतून सकपाळ घराण्यात अक्षर आले. रामजींना इंग्रजी चांगले येत होते, गणितही येत होते; शिवाय ते शिकविण्याच्या कलेत तरबेज होते. बाबासाहेबांच्या चरित्रात रामजींचा उल्लेख कबीरपंथी, शिस्तप्रिय पिता म्हणून येतो. ते व्यवसायाने शिक्षक होते, हे मात्र आपण पुष्कळदा विसरतो.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, जी पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली, भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. हाच दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या दिनाचा आनंद साजरा करताना त्या शाळेत ते मूल कोठे बसत होते हेही स्मरणात असावे. ते घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, इतरांपासून वेगळे बसत असे. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

अशा शाळेत मुलाचे मन अभ्यासात लागावे कसे? भीमराव लहानपणी खोडकर होते, खेळात रमत. वडिलांनी मात्र शाळेवर विसंबून न राहता घरी स्वतःची शाळा चालविली. पुढे आपल्या बालपणाविषयी सांगताना बाबासाहेबांनी या शिकवणीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही रामजींची मुख्य साधने होती. त्या काळी महाराष्ट्रातील घराघरांत तर्खडकरांच्या पुस्तकांवर मुले इंग्रजी शिकत. मराठी वाक्य द्यावयाचे, त्याचे इंग्रजी करावयाचे. इंग्रजी वाक्य द्यावयाचे, त्याचे मराठी करावयाचे. ही पुस्तके रामजींनी मुलाकडून अक्षरशः पाठ करून घेतली. इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका कोणता शब्द योजावा, याचा ते आग्रह धरीत. जवळपास जाणारा शब्द चालत नसे.

भाषांतराने काय शिकविले

रामजींच्या या पद्धतीचे महत्त्व कळण्यासाठी मराठी मुलाची अडचण कोठे आहे ते पाहिले पाहिजे. मराठीत क्रियापद हे कर्त्याचे लिंग, वचन आणि पुरुष यांप्रमाणे बदलते. मुलगा मी जातो म्हणतो, मुलगी मी जाते म्हणते. इंग्रजीत दोघांचेही 'आय गो'च. इतकेच काय, मराठीत भूतकाळ आला की सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. मुलाने धडा वाचला, मुलाने कविता वाचली, मुलाने पुस्तक वाचले. मुलगा तोच, क्रियापदाची रूपे तीन. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच रूप राहते. म्हणजे मराठी मूल जे नियम आईच्या दुधाबरोबर शिकलेले असते, त्यांतील बरेचसे इंग्रजीच्या दाराशी उतरवून ठेवावे लागतात. उलट, वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनी कर्ता आला की क्रियापदाला 'स' लावावा, हा इंग्रजीचा लहानसा नियम त्याच्या कानाला परका असतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या 'माय फादर कम' या चुकीचे मूळही येथेच आहे. मराठीत वडील येतो असे कोणी म्हणत नाही. वडील येतात. आपण आदराने एका माणसाला अनेकवचन देतो. मूल तोच आदर इंग्रजीत घेऊन जाते आणि 'स' गाळते. ही चूक अज्ञानाची म्हणून हसण्यासारखी नाही. त्या चुकीत मराठीचा संस्कार आहे. इंग्रजी क्रियापदाला हा आदरभेद ठाऊक नाही. राजा असो वा रस्ता झाडणारा असो, एकटा असेल तर दोघांच्याही क्रियापदाला तोच एक 'स' लागतो. समोरच्याला हाक मारतानाही तू, तुम्ही आणि आपण असे तीन दर्जे नसून सर्वांना एकच 'यू' असतो.

ज्या समाजाला गावाने पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरे केले, ज्याच्या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्यालाही पाटलाच्या पोराने एकेरी हाक मारली, त्या समाजातील मुलाला या भाषेत शिरताना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. अर्थात इंग्रजी बोलणारे सगळे समतावादी होते असे नव्हे. साहेबाच्या राज्यात माणसामाणसांत भेद होताच. पण व्याकरणाच्या पायरीवर तरी दर्जा विचारला जात नव्हता. तेथे नियम पाळला की वाक्य बरोबर, मोडला की चूक. बोलणाऱ्याची जात त्यात कोठेच येत नव्हती.

चाळीतील दिवा

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत सरपण, त्याच खोलीत अभ्यास. जागा इतकी अपुरी की रामजींनी एक तोड काढली. मुलाने सायंकाळी लवकर झोपावे. वडील जागत बसत. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास ते मुलाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. त्या मिणमिणत्या दिव्यापाशी भीमरावांचा अभ्यास चाले. पुस्तकांचा त्यांना अनावर छंद होता आणि सुभेदारांची पेन्शन तुटपुंजी होती. मुलाने पुस्तक मागितले की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन हातउसने पैसे आणीत. पैसे नसतील तर तिचा एखादा दागिना मागून तो गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचे कौतुक साऱ्या जगाने केले. त्या संग्रहाच्या पायाशी एका बहिणीचा दागिना आहे, हे आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. मुंबईतही अस्पृश्यता सुटली नव्हती. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर येऊन उदाहरण सोडविण्यास सांगितले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाटतील म्हणून मुलांनी गलका केला आणि डबे बाजूला काढल्यावरच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण ते शिकविण्यास नकार मिळाल्यामुळे फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आजच्या टक्केवारीच्या बाजारात हे गुण कोणी विचारणार नाही. तरीही त्या यशाबद्दल सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. मुलाची अमेरिका त्यांनी पाहिली नाही. पण त्या प्रवासाची शिदोरी त्यांनीच बांधून दिली होती.

परदेशातील परीक्षा

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१५ साली त्यांनी एम. ए. पूर्ण केले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती व घडण यांवर निबंध वाचला. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, परक्या भाषेत, आपल्याच समाजाला चिरडणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा करताना त्यांची भाषा कोठे ढळली नाही. राग होता, पण तो वाक्यरचनेत शिस्तीने उतरला होता.

तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली परतावे लागले. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले, आणि त्याच वर्षी अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधात ब्रिटिशांच्या चलनविषयक धोरणावर कडक टीका होती. ती परीक्षकांना रुचली नाही आणि प्रबंध नव्याने लिहून सादर करण्यास सांगण्यात आले. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली आणि त्याच वर्षअखेरीस तो ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. शब्द कोठे सौम्य करावा आणि अर्थ कोठे तसूभरही हलू देऊ नये, हे कळणे म्हणजे भाषेवरील खरे प्रभुत्व होय.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. इंग्रजीत इतके पारंगत असूनही आपल्या माणसांशी बोलताना बाबासाहेबांनी मराठीच जवळ केली. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही पत्रे मराठीत निघाली. राज्यकर्त्यांना, विद्वानांना आणि जगाला जे सुनवावयाचे ते इंग्रजीत. समाजाला जे समजवावयाचे ते मराठीत. इंग्रजीसाठी मराठी टाकावी लागते असे मानणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. रामजींच्या भाषांतराच्या शिकवणीने एकाच वेळी दोन्ही भाषा पक्क्या केल्या होत्या.

काळांची निवड

बाबासाहेबांच्या पुढील कार्याकडे क्रियापदाच्या काळाच्या दृष्टीने पाहिले तर एक विलक्षण सुसंगती दिसते. इंग्रजीचा काळ म्हणजे परीक्षेतील रिकाम्या जागा भरण्याचा प्रश्न, असे मुलांना वाटते. बाबासाहेबांच्या लेखणीत काळ हा विचाराचा भाग होता.

शूद्र पूर्वी कोण होते, या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली आणि अस्पृश्य मूळचे कोण व ते अस्पृश्य कसे बनले, या विषयावरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथांच्या इंग्रजी नावांत क्रियापद भूतकाळी आहे. ही साधी बाब नाही. अस्पृश्य आहेत असे वर्तमानकाळात म्हटले की ती निसर्गाची व्यवस्था वाटते. सूर्य पूर्वेला उगवतो, तसे अस्पृश्य अस्पृश्य असतात. ते अस्पृश्य बनले असे भूतकाळात म्हटले की त्यापूर्वी ते तसे नव्हते हे आपोआप सिद्ध होते. ज्याला सुरुवात आहे त्याला शेवटही असू शकतो. अस्पृश्यता इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास उगम पावली, असे अनुमान त्यांनी मांडले. त्या अनुमानावर विद्वानांनी वाद घालावा. पण बनले या एका क्रियापदाने सनातन म्हणून मिरविणाऱ्या गोष्टीला जन्मतारीख दिली.

काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले आहे, या प्रश्नावरील १९४५ च्या ग्रंथाच्या नावात पूर्ण वर्तमानकाळ आहे. आमची मुले केले आणि केले आहे यांतील फरक विचारतात, तेव्हा हे उदाहरण द्यावे. साधा भूतकाळ घडून गेलेल्या गोष्टीचे पान मिटवितो. पूर्ण वर्तमानकाळ ते पान उघडे ठेवतो. कृती झाली, पण तिचा परिणाम आज आपल्या पुढ्यात आहे आणि त्याचा हिशेब आजच द्यावा लागेल, असे तो सांगतो. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेतही बाबासाहेबांनी ब्रिटिशांपुढे असाच हिशेब मांडला होता. इंग्रज येण्यापूर्वी आमची स्थिती काय होती आणि एवढ्या वर्षांनंतर आज काय आहे, ही तुलना करून बदल कोठे झाला, असा सवाल त्यांनी केला.

भविष्यकाळाचेही एक उदाहरण नाशिक जिल्ह्यात घडले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी जाहीर केले की जन्म आपल्या हाती नव्हता, परंतु मरताना आपण हिंदू असणार नाही. ती घोषणा मराठीत होती. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग भूतकाळी आणि दुसरा भविष्यकाळी होता. त्या भविष्यकाळाचा वर्तमानकाळ होण्यास एकवीस वर्षे लागली.

पुढच्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले. भाषणाचा मजकूर वाचून मंडळी बिचकली आणि काही भाग वगळण्याची विनंती झाली. बाबासाहेबांनी कळविले की आपण त्यातील एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी १९३६ साली स्वखर्चाने छापले आणि जातिव्यवस्थेच्या उच्छेदावरील तो ग्रंथ आज जगभर वाचला जातो. ज्या मुलाला स्वल्पविराम कोठे द्यावा हे वडिलांनी रात्री जागून शिकविले, त्याला त्या स्वल्पविरामाची किंमत ठाऊक होती.

राज्यघटनेचे क्रियापद

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी परदेशी वा इतर कामात गुंतले आणि अखेर भार बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी संविधान सभेतच सांगितले. सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांच्या श्रमांचे श्रेय बाबासाहेबांनी स्वतः त्यांच्या पदरात टाकले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रकृती खालावलेली असताना ते एकेका दुरुस्तीला उत्तर देत उभे राहत.

कायद्याच्या इंग्रजीत सहायक क्रियापदाला फार मोठे वजन असते. 'शॅल' म्हटले की बंधन आले, 'मे' म्हटले की मुभा आली. एका अक्षरी चुकीने हक्काची मेहेरबानी होते. या दृष्टीने अनुच्छेद १७ आमच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीतून मुद्दाम वाचावा. अस्पृश्यता नष्ट करण्यात येईल, असे तेथे म्हटलेले नाही. हळूहळू नष्ट व्हावी, अशी इच्छाही व्यक्त केलेली नाही. ती नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे, अशा अर्थाची दोन क्रियापदे तेथे साध्या वर्तमानकाळी आली आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने ही तरतूद स्वीकारली. शेकडो वर्षांच्या प्रथेला राज्यघटनेने उद्याची मुदत दिली नाही. गोणपाटावर बसलेल्या मुलाने तहानलेल्या दिवशी उद्याचे आश्वासन पुष्कळ ऐकले होते.

दुसरे उदाहरण शिक्षणाचे आहे आणि ते थेट आपल्या विद्यालयाच्या अंगणातले आहे. मूळ अनुच्छेद ४५ अन्वये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्य प्रयत्नशील राहील, असे ठरले होते. ही मर्यादा प्राथमिक शिक्षणापुरती खाली आणावी, अशी सूचना आली तेव्हा बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला लावता येणार नाही, असे घटना म्हणते. मग ते मूल शाळेत असले पाहिजे, हा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. वयाची अट टिकली. परंतु मुख्य क्रियापद प्रयत्न करण्याचे होते, देण्याचे नव्हते. ते बदलण्यास २००२ साल उजाडले. त्या वर्षीच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्य शिक्षण देईल असे बंधन आले, आणि १ एप्रिल २०१० पासून ते अंमलात आले. प्रयत्न करील आणि देईल या दोन क्रियापदांमधील अंतर कापण्यास देशाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या अंतरात किती मुले उसाच्या फडात आणि वीटभट्टीवर मोठी झाली, हे आपल्यातील अनेक पालक स्वानुभवाने जाणतात.

आणि घटनेच्या उद्देशिकेचा कर्ता कोण आहे? तो प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे, आम्ही लोक. संपूर्ण लांबलचक वाक्याची क्रियापदे त्या एका कर्त्याशी जुळलेली आहेत. ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी निर्णय घ्यावयाचे, जे इतरांच्या वाक्यात नेहमी कर्म होते, ते या वाक्यात कर्ता झाले. आपल्या आजोबा-पणजोबांचा समावेश त्या आम्हीमध्ये आहे.

मराठवाड्याच्या दारी

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. मराठवाडा नुकताच निजामी राजवटीतून मुक्त झाला होता. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खेड्यातील दलित मुलाला प्राथमिक शाळाही दूर होती. जालना हा तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील तालुका. आपला स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. अशा भागात बाबासाहेबांनी महाविद्यालय उभे केले आणि त्याला नाव दिले ते भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे. परिसर झाला नागसेनवन. प्रश्न विचारण्याची हिंमत आणि उत्तर देण्याची विद्या, दोन्ही त्या नावांत आहेत.

व्याकरणाचा त्यांचा ध्यास अखेरपर्यंत सुटला नाही. धम्माच्या अभ्यासासाठी ते पालीकडे वळले तेव्हा केवळ वाचून थांबले नाहीत. त्यांनी पालीचे व्याकरण लिहिले आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात हे काम प्रसिद्ध केले आहे. साठीकडे झुकलेला, मधुमेहाने आणि संधिवाताने त्रासलेला हा महापुरुष विद्यार्थ्यासारखा धातू आणि प्रत्यय मांडत बसला होता. आपल्या जिल्ह्याचे भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या गावच्या दात्यांची नोंद आहे. म्हणजे ज्या भाषांकडे बाबासाहेब परत गेले, त्या कुळातील भाषेत आपल्या गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच दगडावर कोरले गेले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येवल्याचे भविष्यकाळी वाक्य पूर्ण झाले. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील आपला इंग्रजी ग्रंथ पूर्ण करण्यात ते गुंतले होते. ५ डिसेंबरच्या रात्रीही त्याच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या जवळ होते. ६ डिसेंबरच्या पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. चाळीतील दिव्यापाशी सुरू झालेला अभ्यास दिल्लीतील दिव्यापाशी थांबला.

आपल्यासाठी

हे सर्व लिहिण्यामागील आमचा हेतू एवढाच की, बाबासाहेबांच्या इंग्रजीकडे आपण चमत्कार म्हणून पाहू नये. चमत्काराला नमस्कार करून माणूस घरी जातो; मेहनतीचे मात्र अनुकरण करता येते. रामजींजवळ दोन पुस्तके, एक दिवा आणि चिकाटी होती. रोज थोडी वाक्ये या भाषेतून त्या भाषेत न्यावयाची आणि चूक झाली तर न हसता पुन्हा करावयाची, एवढीच त्यांची पद्धत होती.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, वकील आहेत. त्यांनी आपल्या गावच्या विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ दोन-चार मुलांना घेऊन बसावे, अशी आमची विनंती आहे. पालकांनीही मुलाच्या चुकलेल्या वाक्याला हसू नये. स्वतः इंग्रजी येत नसले तरी मूल अभ्यासाला बसले असता त्याच्या शेजारी बसता येते.

अनुच्छेद १७ चे क्रियापद वर्तमानकाळी आहे; पण प्रत्येक गावाचा, प्रत्येक पाणवठ्याचा, प्रत्येक मनाचा वर्तमानकाळ अजून त्याच्याशी जुळलेला नाही. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ घालण्याचे ते काम आपल्यावर सोपविलेले आहे. त्यासाठी कायदा वाचता आला पाहिजे, अर्ज लिहिता आला पाहिजे, आणि सभेत उभे राहून आपले म्हणणे न चुकता मांडता आले पाहिजे.

सुभेदार रामजींच्या शिक्षकपणाला आणि महामानवाच्या स्मृतीला आमचे विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!